तबकडीवर नसलेली नावं

आमच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, अमेरिकेतला काळा माणूस पहिल्यांदा भेटला तो पुस्तकांत. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि १९६० च्या दशकात त्यांनी तिथल्या काळ्या लेखकांचं लेखन इथल्या तरुणांसमोर ठेवलं. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’च्या वर्तुळात त्यावर चर्चा झडल्या. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृती या विषयावर मराठीत ग्रंथच लिहिला. (‘निग्रो’ हा त्या काळचा शब्द. आता तो वापरात नाही, ते बरंच झालं.) १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचं नावही तिकडूनच आलं. माझ्या पिढीला हे सगळं आयतं मिळालं. लँग्स्टन ह्यूज हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते वर्गात नव्हे, एका साहित्य मेळाव्यातल्या भाषणात.

ह्यूजच्या १९२६ सालच्या पहिल्याच कवितासंग्रहाच्या नावात ‘ब्लूज’ हा शब्द आहे. हे ब्लूज म्हणजे काय, असं मी जाणत्यांना विचारत असे. उत्तर यायचं, ‘त्यांचं दुःखाचं गाणं असतं ते.’ उत्तर चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. ज्यांनी ते दिलं त्यांच्या स्वतःच्या गल्लीतून दर लग्नसराईत त्या गाण्याचा नात्यातला एक सूर ट्रंपेटवर वाजत जात होता. काळ्या अमेरिकेचं संगीत महाराष्ट्रात तिच्या साहित्याच्या तीसेक वर्षं आधी येऊन पोचलं होतं. साहित्य आलं ते लेखकांच्या नावांसकट आलं. संगीत आलं ते बिननावाचं. असं का झालं, हे मांडण्यासाठी हा लेख.

मी संगीताचा रीतसर विद्यार्थी नाही. पाश्चात्त्य स्वरलेखन मला वाचता येत नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जमवणं आणि हाती लागेल ते वाचणं, एवढीच माझी तयारी. मुंबईतल्या जॅझवर नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ आणि वादकांवर ग्रेगरी बूथ यांची ‘ब्रास बाजा’ (२००५) व ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) ही पुस्तकं नसती, तर माझ्यासारख्याला या विषयात पाऊल टाकता आलं नसतं. मात्र त्यांना मुंबईतून जे दिसलं, त्याचा एक कोपरा मराठवाड्यातून जरा वेगळा दिसतो.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करतो. जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला तिथे पोचले. १९१६ पर्यंत ते तिथे होते. विद्यापीठ टेकाडावर, आणि टेकाडाखाली हार्लेम, जिथे त्याच वर्षांत काळ्या लोकांची वस्ती वाढत होती. २९ डिसेंबर १९१३ रोजी त्याच शहरात व्हिक्टर कंपनीच्या ध्वनिमुद्रणासाठी जेम्स रीस युरोप यांचा वाद्यवृंद बसला. मोठ्या कंपनीनं काळ्या वाद्यवृंदाशी करार करण्याची ती पहिलीच वेळ मानतात. त्यात कॉर्नेट वाजवत होता विल्यम स्मिथ. सगळे त्याला ‘क्रिकेट’ स्मिथ म्हणत. (हे क्रिकेट म्हणजे रातकिडा. पण पुढे ज्या शहरात तो आला त्या शहराला या नावाची मौज वाटली असणार.) हाच स्मिथ बावीस वर्षांनी मुंबईच्या ताज महाल हॉटेलात वाजवू लागला. १९३६ साली ताजमधल्या बँडचा तो प्रमुख होता, आणि त्याच वर्षी दादरच्या ‘राजगृहा’त राहणाऱ्या बाबासाहेबांनी जातिप्रथेच्या उच्छेदावरचं आपलं न झालेलं भाषण पुस्तकरूपानं छापलं. या दोघांची कधी गाठ पडली असं मी सुचवत नाही. बाबासाहेबांनी पुढे १९४६ मध्ये काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, त्याची नोंद आहे. विचारांचा धागा असा कागदावर राहिला. संगीताचा धागा मात्र कुलाब्यापासून दादरपर्यंतसुद्धा सरळ आला नाही. तो फार वळसे घेऊन आला, आणि ते वळसेच महत्त्वाचे आहेत.

जॅझ जन्मला न्यू ऑर्लिन्स या बंदरात. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर लष्करी बँडची पितळी वाद्यं सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलांनी ती हातात घेतली. वरात, सण, प्रेतयात्रा, सगळीकडे बँड. म्हणजे हे मुळात मिरवणुकीचं संगीत. त्याची ओळख तीन गोष्टींनी पटते. पहिली म्हणजे ठेका. लष्करी कवायतीत जोर पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर असतो. इथे तो दुसऱ्या आणि चौथ्यावर सरकतो, शिवाय ठोक्याचे दोन भाग सारखे न पडता एक लांब, एक आखूड पडतो. पाय आपोआप हलतो तो या लचकीमुळे. दुसरी गोष्ट सुरांची. शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधल्या फटीत जो सूर राहतो, तसाच कोमल निषादाच्या आसपासचा, हे त्यांचे ‘ब्लू’ सूर. आपल्याकडच्या श्रुती ठाऊक असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. पियानोला मात्र ती फट नसते, म्हणून पियानोवाला शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून तिचा आभास करतो. तिसरी गोष्ट आयत्या वेळची रचना. ब्लूजचं एक आवर्तन बारा खणांचं, दर खणात चार ठोके, म्हणजे आपल्या हिशेबानं ४८ मात्रांचं. ते फिरत राहतं आणि वादक त्याच्या आत दर खेपेला नवी वाट काढतो. ख्याल ऐकणाऱ्या कानाला ही कल्पना परकी नाही. परका आहे तो मागे उभा असलेला स्वरसंवाद, एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक सुरांची भिंत.

आता गंमत अशी की जॅझची म्हणून जी पहिली तबकडी १९१७ साली निघाली, ती वाजवली होती गोऱ्यांच्या बँडनं. काळ्यांनी घडवलेली गोष्ट, पहिली नोंद दुसऱ्याच्या नावावर. मुंबईला पोचलेल्या मंडळींत रूडी जॅक्सन नावाचा क्लॅरिनेटवाला होता. ड्यूक एलिंग्टन यांच्या १९२७ मधल्या एका गाजलेल्या रचनेची चाल त्यानं आपली म्हणून आणून दिली होती. ती निघाली किंग ऑलिव्हरची. त्यावरून तंटाही झाला. नावाची ही भानगड या संगीताला जन्मापासून चिकटलेली आहे.

मुंबईत पाश्चात्त्य नाचाचे बँड आधीपासून होते. केन मॅक हे अँग्लो-इंडियन बँडप्रमुख त्यातले ठळक. पण १९३५ च्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला संपूर्ण काळ्या वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये दाखल झाले, तेव्हा शहरानं हे संगीत पहिल्यांदा मूळ माणसांकडून ऐकलं. हे लोक इतक्या लांब का आले? एक तर मंदीनं अमेरिकेतली कामं आटली होती. दुसरं, पॅरिसपासून शांघायपर्यंत बोटींच्या मार्गावर जिथे जिथे मोठं हॉटेल होतं तिथे काळ्या वादकाला मान होता. घरी तेवढा नव्हता. अ‍ॅबी यांच्यानंतर सूत्रं स्मिथकडे गेली आणि त्यांच्या पाठोपाठ टेडी वेदरफर्ड हे मोठं नाव पुढे आलं. शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात वेदरफर्ड पियानोवर आणि लुई आर्मस्ट्राँग ट्रंपेटवर एकत्र वाजवत. १९२६ मध्ये वेदरफर्ड शांघायला गेले ते आशियातच रमले. शांघाय, मुंबई, कोलंबो, आणि शेवटी कलकत्ता. तिथे ग्रँड हॉटेलात युद्धकाळातल्या सैनिकांसमोर त्यांचा बँड वाजे. २५ एप्रिल १९४५ रोजी पटकीनं तिथेच त्यांचा अंत झाला. आर्मस्ट्राँगच्या जोडीचा माणूस कलकत्त्याच्या पटकीत गेला, हे कुणाच्या फारसं लक्षात नाही.

१९३६ मध्ये स्मिथच्या बँडनं मुंबईत तबकड्या केल्या. त्यात हॉटेलाच्या नावाचा एक फॉक्सट्रॉट होता. तो रचला होता मेना सायलस या मुंबईकर बगदादी ज्यू गृहस्थांनी. काळे अमेरिकन वादक, ज्यू रचनाकार, पारशांनी बांधलेलं हॉटेल, आणि नाचायला साहेब, संस्थानिक व कापसावर श्रीमंत झालेली मंडळी. ताजमध्ये हिंदी माणसाला मज्जाव नव्हता. पण संध्याकाळचा पोशाख आणि जड खिसा या दोन अटी मज्जावाचंच काम करत. लालबाग-परळच्या गिरणगावात हा सूर पोचण्याची तशी काहीच सोय नव्हती.

ती सोय केली गोव्यानं.

पोर्तुगिजांच्या अमलात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा सोळाव्या शतकापासून होत्या. तिथल्या मास्तरांनी खेड्यातल्या पोरांना प्रार्थनासंगीतासाठी पाच रेघांवरचं स्वरलेखन शिकवलं. व्हायोलिन धरायला शिकवलं. शेती तुटपुंजी, नोकऱ्या नाहीत, म्हणून ही पोरं वाद्याची पेटी घेऊन कॅसलरॉकची हद्द ओलांडायची आणि मुंबई गाठायची. धोबीतलाव भागात गावोगावच्या ‘कुडी’ होत्या, म्हणजे त्या त्या गावच्या लोकांनी चालवलेल्या सामाईक खोल्या. एक पेटी, एक अंथरूण आणि भिंतीपाशी देव्हारा. भाडं नाममात्र. ब्रिटिश हिंदुस्थानात हे लोक तांत्रिकदृष्ट्या परदेशी. पण मूकपटांच्या थिएटरांत, लष्करी बँडांत, महाराजांच्या दरबारी वाद्यवृंदांत, जिथे कागद बघून वाजवणारा हवा, तिथे गोवेकर हवाच.

काळ्या उस्तादांच्या बँडांत जागा रिकामी झाली की हेच लोक बसत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड वेदरफर्ड यांच्या हाताखाली ट्रंपेट वाजवत तयार झाले. मसुरीत त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि आपण या देशाचं जॅझ वाजवलं पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं. आल्दोनाचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) हे ‘चिक चॉकलेट’ या नावानं वावरत. लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. तो खरखरीत आवाज, तो कपाळ पुसायचा पांढरा रुमाल, सगळं त्यांनी उचललं होतं. ताजमध्ये १९३९ पासून सुमारे दोन दशकं मिकी कुर्रेया यांचा बँड होता. पारशी सॅक्सोफोनवादक कावसजी खटाव ‘रूडी कॉटन’ झाले होते. नावं बदलण्याची या धंद्यात रीतच होती. हॉटेलवाल्याला पाटीवर अमेरिकन वाटेल असं नाव लागे. आपल्याला हसू येतं. पण सिनेमात संगीत देणारा एक मराठी माणूस सी. रामचंद्र, राम चितळकर, श्यामू, अण्णासाहेब अशी चार नावं वापरत होता, आणि गाताना नुसता ‘चितळकर’. मग गोवेकरांना काय म्हणून हसायचं?

१९४७ नंतर तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. साहेब गेले. संस्थानिकांचे तनखे उरले, थाट ओसरला. आणि मुंबई सरकारनं १९४९ चा दारूबंदी कायदा आणला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. दारूबंदीची नैतिक बाजू मला मान्य आहे की नाही हा इथे प्रश्न नाही. नाचाच्या हॉलचा खर्च पेल्यावर निघत होता, तो निघेना, हे साधं गणित. बँड लहान झाले, करार संपले. त्याच वेळी लाहोरहून फाळणीमुळे आलेले वादकही मुंबईत काम शोधत होते. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसूझा त्यांतले एक. या सगळ्यांना सामावून घेणारी एकच जागा शहरात होती, ती म्हणजे फिल्म स्टुडिओ. तिथे वाद्यवृंद नेमके याच काळात दहा-बारा माणसांवरून मोठे होत चालले होते.

तिथलं काम कसं चाले ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण नावं हरवली ती इथे. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधतो. बहुतेकांना पाश्चात्त्य स्वरलेखन येत नाही. शेजारी बसलेला गोवेकर साहाय्यक ती चाल पाच रेघांवर उतरवून घेतो. मग रात्री बसून तो ठरवतो की मुखड्याआधी काय वाजेल, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत सॅक्सोफोन बोलेल की व्हायोलिन्स, गायिकेच्या ओळीला ट्रंपेट कुठे उत्तर देईल. सकाळी प्रत्येक वादकासमोर त्याच्या त्याच्या वाट्याचा कागद येतो. दोन तालमी, ध्वनिमुद्रण, दिवसाची रोख रक्कम, सुट्टी. चाल संगीतकाराची यात वाद नाही. पण गाणं सुरू झाल्याबरोबर आपण ओळखतो ते मुखड्याआधीच्या चार खणांवरून, आणि ते बहुधा त्या रात्रीच्या माणसाचे असतात. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतला व्हायोलिनांचा भरगच्च पडदा सेबॅस्टियन यांनी लिहिलेला आहे.

तबकडीच्या गोल कागदावर तीन नावं मावत: चित्रपट, गाणारा, संगीतकार. गाणाऱ्यालाही ते सहज मिळालं नव्हतं. ‘महल’च्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लताबाईंच्या ऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं गेलं होतं. गायकांनी भांडून नाव मिळवलं. वादक भांडायला गेला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीत दुसरा वादक दिसला असता.

या सगळ्याचा मराठी धागा म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८, पुणतांबे. आमच्याकडून वैजापूरच्या अंगानं गेलं की गोदावरीकाठी हे गाव लागतं. चांगदेवांची समाधी तिथलीच. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या गावच्या मुलानं नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे, पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाण्याचे धडे घेतले. पुढे मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये नोकरी, आणि तिथून भगवान पालव या दादरच्या मित्राच्या चित्रपटांना संगीत. भगवानही गिरणी कामगाराचा मुलगा. जॅझच्या प्रवासात ताजच्या नाचघरातून गिरणगावात उतरण्याची पायरी ती ही दोस्ती.

१९४७ च्या ‘शहनाई’त सी. रामचंद्रांनी गिटार, तोंडानं वाजवायचा बाजा आणि सॅक्सोफोन यांना हिंदी गाण्याच्या मध्यभागी आणलं. १९५१ चा ‘अलबेला’ हा त्याचा कळस. चिक चॉकलेट इथे साहाय्यक आहेत, आणि पडद्यावरही ते आपल्या बँडसह दिसतात. भगवानदादांचा तो अंग न हलवता फक्त खांदे-कोपरं हलवत केलेला नाच पुढे मुंबईच्या गणपती विसर्जनात इतका मुरला की तो कुणाचा हे विचारायची गरजच उरली नाही. १९५७ च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ कसं सुचलं, त्याची गोष्ट सांगतात ती अशी: बाहेर पोरं मोजणीचं इंग्रजी बडबडगीत म्हणत होती, संगीतकारानं ते पकडलं, आणि जॉन गोम्स या गोवेकर साहाय्यकानं त्याला ‘मला नको’ अशा अर्थाच्या दोन कोंकणी शब्दांची जोड दिली. हिंदी चित्रपटातलं गाणं, मराठी संगीतकार, अमेरिकन ठेका, मधेच एक कोंकणी नकार.

इथे सावध राहायला हवं. हे सगळं ‘जॅझ’ आहे का? काटेकोरपणे पाहिलं तर नाही. ‘अलबेला’च्या सर्वांत गाजलेल्या नाचगाण्यात बोंगो आणि माराकास आहेत. तो वारा क्यूबाकडचा आहे. ‘ईना मीना डीका’ रॉक अँड रोलच्या घरातलं. आणि जॅझचा प्राण असलेली आयत्या वेळची रचना तर सव्वातीन मिनिटांच्या गाण्यात जवळजवळ नाहीच. सगळं लिहिलेलं. आत्मा हॉटेलात राहिला आणि स्टुडिओत गेले ते अंगावरचे कपडे, असं एखादा कडवा जॅझवाला म्हणेल. मला ते अर्धंच पटतं. वादकाचा हात कागदानं बदलत नाही. फुंकेतली ती खरखर, ठोक्याच्या किंचित मागे राहून सूर सोडण्याची सवय, ब्लू सुराकडे घसरण्याची ओढ, ही लिहिता येत नाही. ती वेदरफर्ड-स्मिथ यांच्या शेजारी बसून आलेली आहे, आणि चिक चॉकलेटच्या ट्रंपेटमधून ती ऐकू येते. आपल्याकडे घराण्याची तालीम म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

उसनवारीची बाजूही झाकू नये. १९५० च्या ‘समाधि’तल्या एका लोकप्रिय गाण्याची चाल १९४५ च्या एका अमेरिकन चित्रपटातून सरळ आलेली आहे आणि तबकडीवर त्याचा उल्लेख नाही. गोवेकरांची नावं गाळणाऱ्या त्याच कागदानं त्या मूळ गाण्याच्या मालकाचं नावही गाळलं. सी. रामचंद्र मला फार आवडतात, ‘अनारकली’साठी तर फारच. पण हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

या संगीताला विरोध करणारे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हेही मराठीच. १९५२ मध्ये ते नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. त्यांचा एक मुख्य आक्षेप याच पाश्चात्त्य वाद्यांच्या सरमिसळीवर होता. श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला त्याच्या मागे जावं लागलं. केसकरांची टिंगल करणं सोपं आहे. रागसंगीताला रेडिओवर त्यांनी दिलेली जागा लहान नव्हती. पण त्यांच्यासारखाच कल आमच्या संगीतविषयक लेखनाचाही राहिला. घराण्यांवर लिहिलं गेलं, नाट्यपदांवर लिहिलं गेलं. वाद्यवृंदात तिसऱ्या ओळीत बसलेल्या माणसावर मराठीत फारसं कुणी लिहिलं नाही. चटपटीत गाणं म्हणजे थिल्लर, आणि थिल्लराचा इतिहास कशाला, असा तो हिशेब.

आणि इकडे, मराठवाड्यात, हे संगीत रस्त्यावर उतरलं होतं. मंगलकार्यात वाजवणं हे आपल्याकडे परंपरेनं ठरावीक समाजांकडे असलेलं काम: मांग, होलार, गुरव. सनई-संबळाच्या जोडीला लष्करी बँडची पितळी वाद्यं आली, लाल-निळे डगले आले, आणि बँड पार्ट्या उभ्या राहिल्या. बूथ यांनी देशभरच्या अशा बँडवाल्यांचा अभ्यास केला आहे. त्यात कनिष्ठ मानलेल्या जाती आणि मुस्लिम वादक मोठ्या संख्येनं दिसतात. हे लोक सिनेमाची गाणी कानानं उचलत. ‘अलबेला’तला ट्रंपेट त्यांच्या ट्रंपेटमध्ये आला. न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकीतून निघालेलं पितळ शिकागो, शांघाय, ताज, धोबीतलाव, स्टुडिओ असे वळसे घेत पुन्हा मिरवणुकीतच येऊन पोचलं, आणि पोचलं तेही ज्यांना समाजानं वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांच्या ओठांवर. मिलिंदमध्ये काळ्यांच्या कवितेवर चर्चा चाललेली असताना त्याच शहरातून वराती जात होत्या. वाचणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला एकमेकांजवळ काय आहे ते ठाऊक नव्हतं. हे दोन प्रवाह एका घरातले आहेत, असं सांगणारं तिसरं कुणी त्यांच्यात नव्हतं.

पुढे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानंच आपले जॅझवादक दौऱ्यांवर पाठवले. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन, १९६४ मध्ये स्वतः आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेले. निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानं १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. चर्चगेटच्या हॉटेलांत क्रिस पेरी आणि लॉर्ना यांनी एक काळ गाजवला. फ्रँक फर्नांड यांनी कोंकणीत दोन चित्रपट काढले, ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६). त्यांचं हिंदुस्थानी जॅझ मात्र राहूनच गेलं.

एका वादकाचं नाव तेवढं घराघरात पोचलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) व्हायोलिन वाजवत आणि शिकवत. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं पूर्ण नाव गाण्यात घातलं. पडद्यावर ते नाव सांगत अंड्यातून बाहेर आलेला नायक सगळ्यांना आठवतो. ज्याचं ते नाव, तो माणूस खरोखरचा आहे आणि गोव्यात आपल्या घरी राहतो, हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

माझ्याकडच्या तबकड्यांच्या खाकी पाकिटांवर मी आता पेन्सिलीनं लिहीत जातो. ज्या गाण्याबद्दल छापील आधार मिळेल त्यावरच. ‘अलबेला’च्या पाकिटावर लिहिलं आहे: चिक चॉकलेट, ट्रंपेट आणि संगीत साहाय्य. शंकर-जयकिशनच्या बऱ्याच पाकिटांवर सेबॅस्टियन डिसूझा आहेत. ‘शहनाई’चं पाकीट अजून कोरं आहे.